काकूंचा टीव्ही आणि काकांचे दिवे

काका काळ्या शर्टाशिवाय दुसरा शर्ट घालत नसत. दिवाळीला काळा, दवाखान्यात काळा, स्वतःच्या पोरीच्या लग्नातसुद्धा काळाच. त्यापायी काकूंनी आठ दिवस अबोला धरला होता, हे काकूच मला सांगायच्या. काकांचं म्हणणं सरळ होतं. "उजेडवाल्यानं दिसू नाही. तोच दिसला तं लोकाइनं पाहावं कोणाले?"

त्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हात वर करून भटजींना थांबवलं आणि मांडवाच्या खांबावर चढून हॅलोजन फिरवला. नवरीच्या नाकाची सावली नवरदेवाच्या गालावर पडत होती म्हणे. खाली उतरून म्हणाले, "हं, चालू द्या. फोटोत जन्मभर राह्यलं असतं ते." त्यांचे व्याही ही गोष्ट आता हसत हसत सांगतात. तेव्हा हसले नव्हते.

मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते दिग्रसच्या नाट्यगृहात. नाट्यगृह म्हणजे मुळात कापसातली सरकी काढायच्या जिनिंगची जुनी शेड. जिनिंग बंद पडल्यावर गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मंडळ काढलं, स्टेज बांधलं, खुर्च्या टाकल्या. पण रुई काही पूर्ण गेली नाही. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर ती बसून होती. पंखे जोरात लागले की तिचे बारीक तंतू खाली उतरायचे आणि दिव्याच्या झोतात तरंगायचे. बाहेरगावची नाटकं धुराचं यंत्र घेऊन फिरतात, आम्हाला त्याची गरज पडली नाही. काका त्याला "आपला धूर" म्हणत. कोणी पत्रे झाडायची गोष्ट काढली की भांडायला उठत.

मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. आमच्या तांड्यावरून कॉलेजला जाऊन पदवी घेतलेली आमच्या घरातली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. याडी, म्हणजे माझी आई, अंगठा टेकवायच्या जागी सही करायला शिकली ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर. म्हणून पहिल्या दिवशी काकांनी "नाव काय वं तुझं?" असं विचारलं, तेव्हा मी नाव सांगितलं आणि नावामागे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, फर्स्ट क्लास, हेही सांगितलं. त्यांनी नाव सोडून दिलं आणि मागचं ठेवून घेतलं.

"बरं, बीएस्सी. तथी बस. आन् माही खुर्ची सरकवू नको."

त्या दिवसापासून मी बीएस्सी. चहावाला, झाडूवाली बाई, येणारे-जाणारे नट, सगळ्यांना वाटायचं की माझं नावच ते आहे. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

काका तरुणपणी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होते. माइकवरून गाड्या पुकारायचे. नोकरी संपली, पुकारणं संपलं नाही. त्यांच्याकडे दिव्यांचं जुनं बोर्ड होतं, त्याला ओळीनं सात दांडे. दांडा वर केला की दिवा उजळायचा, खाली केला की मालवायचा. दुसऱ्या कोणी त्यांना एक ते सात आकडे दिले असते. काकांनी डावीकडून गावं दिली होती: यवतमाळ, लाडखेड, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, नांदेड. मधला दांडा दिग्रस, म्हणजे स्टेजचा मध्य. "जगाचा मध्य कोठी हाय मले माहीत नाही, माहा इथं हाय," ते म्हणायचे. पुढं पाठीमागून पडणारा एक आठवा दिवा आला, त्याला त्यांनी बाभुळगाव नाव दिलं. बाभुळगाव म्हणजे काकूंचं माहेर. "सासुरवाडीचं लक्ष पाठीमागूनच असते."

प्रयोग चालू असताना ते तोंडातल्या तोंडात पुकारत बसायचे. "दारव्हा सुटली… पुसद फलाटाले लागून राह्यली… उमरखेड थांब, तुहा टाइम व्हायचाच हाय." बोर्ड प्रेक्षकांच्या मागे होतं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं. नेहमीच्या लोकांना सवय झाली होती. नवीन माणूस मात्र वळून वळून पाहायचा.

आणखी एक खोड म्हणजे ते हातानं उजेड पाहायचे. प्रयोगाआधी स्टेजवर जाऊन प्रत्येक झोतात तळहात धरून उभे राहायचे, पालथा करायचे, बोटं पसरायचे. मला वाटायचं, जुनी सवय असेल. बरेच दिवस मला तसंच वाटत होतं.

मग मंडळानं नवीन सामान घेतलं. जुनं बोर्ड तापायला लागलं होतं. उजेड कमी-जास्त करणारे नवीन डिमर आले, एक लॅपटॉप आला, त्यात दिवे चालवायचं सॉफ्टवेअर, आणि लॅपटॉपचं म्हणणं डिमरला पोचवणारा हाताएवढा एक डबा. आता दांडे नाहीत. नाटकातला प्रत्येक बदल आधी बसवून ठेवायचा, त्याला क्यू म्हणायचं, आणि प्रयोगात फक्त स्पेसबार दाबायचा. एकदा दाबला की पुढचा क्यू.

मंडळाच्या सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. सरकीचे व्यापारी, बोलायला सडेतोड. "बाई, साफ सांगतो. पुढल्या महिन्यात कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आपल्या इथं होणार. त्या दिवशी काकांनी हे मशीन स्वतः चालवलं तर ते राहतील. नाही चालवलं तर त्यांना हार-नारळ, आणि दिवे तुमच्याकडे, कायम नोकरीवर. तुम्ही त्यांना शिकवा. पण त्या दिवशी मध्ये हात घालायचा नाही. घातला तर मला खरं सांगायचं."

मी हो म्हणाले. कायमची नोकरी मला हवी होती, हे मी लपवत नाही. सचिवांनी हेच काकांनाही सांगितलं. काका ऐकून घेऊन बाहेर आले, मला म्हणाले, "म्हणजे मी नापास झालो तं तू पास. चांगली परीक्षा हाय बाप्पा. मास्तरीणच लाइनीत उभी."

"मी चांगलं शिकवीन काका," मी म्हणाले.

"शिकवशीन ना. फर्स्ट क्लास हाय तू."

आणि मी चांगलंच शिकवलं. त्यात माझा मोठेपणा नव्हता. मी लावलेलं मशीन चाललं नाही असं दिग्रसमध्ये कोणी म्हणावं, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

पहिले दोन दिवस काका लॅपटॉपसमोर नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे एवढुसं. पोस्टकार्डावर पिक्चर पाह्याचा का? मोठा पडदा पाह्यजे." मी मंडळाकडे मॉनिटर मागितला. सचिव म्हणाले, स्पर्धेनंतर बघू. मी काकांना तसं सांगितलं. ते तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाट्यगृहाच्या दारात ऑटो थांबला. आत काका, आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला घरचा बत्तीस इंची टीव्ही. मागून दुसऱ्या ऑटोत काकू.

"स्पर्धा झाली की परत पाह्यजे मले," काकू मला म्हणाल्या. जणू टीव्ही मीच मागितला होता. "रोजच्या मालिका मी आता शेजारी जाऊन पाहून राह्यली. शेजारीण मधात मलेच सारं विचारत राह्यते."

कापूस मोजायच्या जुन्या काट्याशेजारी एक दणकट स्टूल पडलं होतं. त्यावर टीव्ही ठेवला. केबल जोडली. पडद्यावर निळा चौकोन आला, सिग्नल नाही. काका म्हणाले, "गाडी आली, ड्रायव्हर नाही." मी टीव्हीचा इनपुट बदलला. मग लॅपटॉपवर जे आहे तेच टीव्हीवर दिसायला लागलं. काका खूश झाले. मी म्हणाले, "थांबा, असं नको. दोन्हीकडे एकच दाखवण्यात काय फायदा? पडदा वाढवते. लॅपटॉपवर माझी कामं राहतील आणि सॉफ्टवेअर पूर्ण टीव्हीवर जाईल."

मी बटणं दाबली. सॉफ्टवेअरची खिडकी ओढून टीव्हीकडे नेली, तर माउसचा बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेतून बाहेर गेला आणि टीव्हीवर भलतीकडूनच उगवला. टीव्ही आमच्या डाव्या हाताला होता ना.

"अवो बीएस्सी," काका म्हणाले, "तुहा नट उजव्या विंगेत गेला आन् डाव्या विंगेतून निघून राह्यला."

वर्गात सरांनी हे दोन पडद्यांचं प्रकरण फळ्यावर चौकोन काढून पाऊण तास समजावलं होतं. काकांना ते एका वाक्यात कळलं. मी सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचा चौकोन ओढून डावीकडे नेला.

"आता पाहा."

बाण डावीकडून गेला, टीव्हीवर बरोबर निघाला. काकांनी मान हलवली. "म्हणजे मधात अंधार हाय, पण स्टेज एकच हाय. आता जमलं."

तरी जमलं नव्हतं. टीव्हीनं चित्र चारही बाजूंनी थोडं फुगवून कापलं होतं, त्यात खालची सगळी बटणांची ओळ गेली. टीव्हीच्याच मेनूत जाऊन चित्राचा आकार बदलला, तेव्हा ती दिसली. मग अक्षरं मोठी केली. काका म्हणाले, अजून. अजून मोठी केली. काका म्हणाले, अजून. शेवटी पडद्यावर पाचच क्यू मावायला लागले.

मग उजेडाची भानगड. अंधारात टीव्ही एवढा चकाकायचा की काकांचं तोंड देवळातल्या मूर्तीसारखं उजळून दिसायचं. तो तर त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली, दिव्यांपुढे लावायचा लाल पारदर्शक कागद काढला आणि टीव्हीच्या पडद्यावर चारही कोपऱ्यांत चिकटपट्टीनं डकवला. "आता लाल अंधारात बसू. फोटो धुवायची खोली असते तसं."

गावांची नावंही घालावी लागली. मी दिव्यांना इंग्रजीत डावा-उजवा, पुढचा-मागचा अशी नावं दिली होती. काका म्हणाले, "हे कोण लोक हायेत? मी वळखत नाही याइले." देवनागरी त्या सॉफ्टवेअरला येत नव्हती, चौकोनी डबे उमटायचे. मग इंग्रजी अक्षरांत यवतमाळ, लाडखेड, दारव्हा, अशी सगळी गावं भरली. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा मशीनला हात लावला.

पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी यायचे आणि दुपारी जेवायला घरी जायचे. मी स्पर्धेतल्या एकांकिकांचे क्यू वाचायचे, ते स्पेसबार दाबायचे. एकदा सांगितलेला क्यू दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. मी मनात म्हणाले, हा माणूस पास होणार. मनात थोडं खट्टू वाटलं, थोडं बरंही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

स्पर्धा सकाळी अकराला सुरू झाली. पहिल्या दोन एकांकिका छान गेल्या. काका टीव्हीसमोर काळ्या शर्टात बसलेले, डोळे लाल पडद्यावर, बोट स्पेसबारवर. मी मागे, हात पाठीशी बांधून. सचिव पाचव्या रांगेतून अधूनमधून वळून आमच्याकडे पाहायचे. काकू तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन.

जेवणाच्या सुटीनंतर तिसरी एकांकिका, यवतमाळच्या एका कॉलेजची. दोन भाऊ बापाचं घर वाटून घेतात, मधे भिंत घालतात. भिंत म्हणून त्या पोरांकडे काही नव्हतं. दिग्दर्शक पोरगी आधीच्या आठवड्यात तालमीला आली तेव्हा काकांना म्हणाली, "काका, प्लायवूडची केली असती पण एसटीत चढवू देत नाहीत." काका म्हणाले, "कायले पाह्यजे प्लायवूड? अंधाराची करू." त्यांनी डावीकडे दारव्हा, उजवीकडे पुसद लावलं आणि मधलं दिग्रस पूर्ण मालवलं. मधोमध काळा पट्टा उभा राहिला. त्या भावांपैकी कोणी त्यात हात घातला की हात नाहीसा व्हायचा. शेवटी म्हातारी आई चालत येऊन त्या अंधारात उभी राहते, म्हणते, "चूल कोण्या बाजूले ठेवू रे?" आणि त्या वाक्यावर दिग्रस हळूहळू उजळायचं, भिंत नाहीशी व्हायची. सगळं नाटक त्या एका क्यूवर होतं.

बरोबर तीन वाजता टीव्ही बंद पडला.

आवाज नाही, काही नाही. लाल पडदा होता, आणि पुढच्या क्षणी काळा. मी लॅपटॉपकडे पाहिलं. त्यावर नुसतं हिरव्या टेकडीचं चित्र. सॉफ्टवेअर चालू होतं, कारण स्टेजवर दिवे होते. पण त्याची खिडकी होती टीव्हीवर, आणि टीव्ही मेलेला. दिसत नव्हतं, तरी तिथंच होतं.

खिडकी लॅपटॉपवर परत आणायला दोन बटणं पुरतात. माझा हात पुढे गेला.

"हात मागं घे," काका मान न वळवता म्हणाले.

"काका, टीव्ही गेला. तुम्हाला काहीच दिसून नाही राह्यलं!" मी कुजबुजले.

"मले आधीही कोठी दिसत होतं?"

मला समजलं नाही. मग समजलं. अक्षरं अजून मोठी, अजून मोठी. झोतात धरलेला तळहात. पंधरा दिवस मी वाचायचे आणि ते दाबायचे. त्यांनी एक अक्षरही वाचलं नव्हतं. सगळे क्यू पाठ केले होते, गाड्यांच्या वेळापत्रकासारखे. टीव्ही आम्हाला दाखवायला होता.

मी पाचव्या रांगेकडे पाहिलं. सचिव स्टेज पाहत होते. मी फक्त दोन बटणं दाबली असती, काकांना खुर्चीतून उठवलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून दिवे माझे. कोणी मला वाईटही म्हटलं नसतं.

मी हात पुन्हा पाठीशी बांधले.

"लाडखेड सुटली," काका पुटपुटले आणि स्पेसबार दाबला. स्टेजवर डावीकडचा उजेड सरकला. कीबोर्ड अजून सॉफ्टवेअरच्याच ताब्यात होता. पुढचा क्यू, तोही बरोबर. मी मनात आकडे मोजायला लागले. अठरा, एकोणीस.

तेवढ्यात स्टेजवर घोळ झाला. थोरला भाऊ झालेला पोरगा वाक्य विसरला आणि घाबरून त्यानं सरळ पुढच्या पानावरचं वाक्य म्हटलं. मधलं भांडण गळालं. दोघा भावांचे दोन क्यू त्या भांडणात होते. आणि त्या पोराचं वाक्य ऐकून म्हातारी विंगेतून निघालीसुद्धा.

माझं मोजणं तिथंच तुटलं. आता एकदाच दाबलं तर भलताच उजेड येणार, भिंत मधे तशीच राहणार, आणि म्हातारी अंधारात उभी राहून बोलणार.

काकांनी डोळे मिटले. पुढे झुकून ऐकत राहिले. म्हातारीची काठी फळ्यांवर वाजत होती. ठक. ठक.

"दोन गाड्या रद्द, बीएस्सी," ते म्हणाले. "डायरेक्ट दिग्रस."

"चूल कोण्या बाजूले ठेवू रे?" म्हातारी म्हणाली.

काकांनी लागोपाठ तीनदा स्पेसबार दाबला, इतक्या हलक्या हातानं की दिवे थरथरलेसुद्धा नाहीत. मधला अंधार पातळ होत गेला. रुईचे तंतू उतरताना दिसले. म्हातारीचा चेहरा वर आला, मग दोन्ही भावांचे, आणि स्टेज एक झालं. कोणी खोकलं नाही. मग सगळी शेड टाळ्यांनी भरली.

काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते कधीच वाजवत नसत. खिशातला गुळाचा खडा काढून तोंडात टाकला.

मध्यंतरात सगळ्यांत आधी काकू आल्या. पर्समधून रिमोट काढला, टीव्ही चालू केला. "तीन वाजता बंद होते तो. मीच तसं लावून ठेवलं. हे दुपारी पाहता पाहता घोरतात आन् तो आपला एकटाच बोंबलत राह्यते."

"आन् हे मले सांगावं नाही का?" काका म्हणाले.

"तुमी विचारलं का, घेऊन चाललो म्हणून? गोधडीत गुंडाळून निघाले."

मागोमाग सचिव आले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग मला विचारलं. "मधात तुमची काही कुजबूज चालली होती. खरं सांगा बाई, कोणी चालवलं?"

"त्यांनीच. सगळं. मी कशालाही हात लावला नाही."

हे खरं होतं. सचिवांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर खरं होतं. ते "शाबास काका" म्हणून निघून गेले. काका माझ्याकडे पाहत होते, म्हणजे माझ्या दिशेनं.

संध्याकाळी बक्षिसं वाटून झाल्यावर मी त्यांना म्हणाले, "आज मी खोटं बोलले नाही. पुढच्या वेळी मला कोणी डोळ्यांचं विचारलं तर तेव्हाही खोटं बोलणार नाही. डोळे दाखवून या."

"डॉक्टरकडं नाही जात मी. तथी ट्यूबलाइट असते. ट्यूबलाइटखाली धडधाकट माणूस बिमार दिसते."

"काका."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "ऑपरेशन सांगतीन. तीन आठवडे घरी बसवतीन. तेवढ्यात या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं, तं मंग उठवणार कोण?"

भीती सुईची नव्हती. खुर्चीची होती.

"मी तीन आठवडे चालवते," मी म्हणाले. "पण बसणार नाही. उभ्यानं चालवते."

"उभ्यानं?"

"उभ्यानं."

दोन दिवसांनी काका स्वतः सचिवांकडे गेले आणि मोतीबिंदूचं सांगून आले. सचिव नंतर मला म्हणाले, "मग स्पर्धेत यांना दिसलं कसं?" मी म्हणाले, "ते त्यांनाच विचारा." त्यांनी विचारलं असेल. काकांना काढलं मात्र नाही. माझी नोकरी साधीच राहिली, वर्षावर चालणारी. घरी याडी म्हणाली, कायमची झालीस का? मी म्हणाले, नाही. पुढं वर्षभरानं मला यवतमाळला एका कॉलेजच्या लॅबमध्ये जागा मिळाली, ती कायमची. पण ते नंतरचं.

तीन आठवडे मी उभ्यानं दिवे चालवले. पाय दुखायचे. खुर्ची रिकामी पाहून नट विचारायचे, कोणी येणार आहे का?

एका डोळ्याचं ऑपरेशन करून काका आले, काळा शर्ट आणि काळा चष्मा. त्यांना पाहून झाडूवाली बाई म्हणाली, "आता तं अंधारातही दिसणार नाही हे." टीव्ही आधीच घरी गेला होता. काकांनी खुर्ची पुढे ओढली, लॅपटॉपचं झाकण उघडलं, त्या पोस्टकार्डाएवढ्या पडद्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं. यवतमाळ, लाडखेड, दारव्हा. पहिलीतल्या पोरासारखं, बोट ठेवून.

मग म्हणाले, "रात्रीचा सीन लाव बरं एखादा."

मी लावला. काका स्टेजकडे पाहत राहिले. चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला.

"हे काय हाय?"

"रात्र आहे काका. तुम्हीच बसवलेली."

"रात्र? हे निळीचं पाणी हाय! नटाइले बादलीत बुडवून काढलं का?"

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मोतीबिंदू पिकत गेला की डोळ्याला सगळं पिवळसर दिसतं आणि निळा रंग हरवतो. काकांना निळा कमी दिसायचा, म्हणून ते वाढवत गेले. मी आल्यापासून आमच्या नाट्यगृहातली प्रत्येक रात्र अशीच होती. पांढऱ्या धोतरातला बापही निळा, नवरी निळी, एकदा तर भुताच्या नाटकात भूत सोडून बाकी सगळे निळे.

"तुले दिसत होतं ना हे?" काका माझ्यावर ओरडले.

"दिसत होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मला वाटलं, ती तुमची कला असेल."

काका असे हसले की डोळ्याला हात लावायचा नाही हे विसरून डोळ्याकडे हात नेला. मी तो धरला. "कला!" ते म्हणाले. "दोन वर्षं लोक मले येऊन सांगत, काका तुमची रात्र काय असते वा! बाप्पा, कोणीच बोललं नाही."

मग ते कामाला बसले. मी शेजारी उभी होते, पण त्यांनी मला काही विचारलं नाही. स्वतः एकेका नाटकाची फाइल उघडली, रात्रीचा क्यू शोधला, निळा खाली आणला, स्टेजकडे पाहिलं, अजून थोडा खाली आणला, जपून ठेवला. तळहात झोतात धरायला एकदाही उठले नाहीत. दुपार गेली, चहा दोनदा आला, एकदा गार झाला.

चारच्या सुमारास सचिव आत डोकावले. अंधारात त्यांना फक्त मी दिसले.

"काय बाई, काकांना जमून राह्यलं का मशीन?"

काका माउसवरचा हात न काढता म्हणाले, "तिले काय विचारता? मशीन माह्याजवळ हाय. मले विचारा ना."